उखळीचा सांधा

"आधी चालून दाखव," ती म्हणायची. कुणी काहीही दुखतंय म्हणून आलं तरी हेच. पाठ असो, मान असो, वसतिगृहातली एखादी मुलगी पोट दुखतंय म्हणून रडत आलेली असो. तिला आधी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यावं लागे. ही मागे उभी, हात पाठीशी बांधलेले, मान किंचित कललेली. नजर मुलीच्या तोंडाकडे नसे, कमरेकडे असे. "तोंड काहीही सांगतं गं ताई," ती मला म्हणायची, "कमरेला खोटं चालता येत नाही."

तुम्ही म्हणाल, पोटदुखीचा आणि चालण्याचा काय संबंध? मीही विचारलं होतं.

"पोट खरंच दुखत असेल तर पोरगी वाकून चालते. गणिताचा तास दुखत असेल तर सरळ चालते."

गणित मी शिकवायची.

आमच्या मुलींच्या आश्रमशाळेत ती खेळ शिकवायला आली तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातल्या कोकणी आदिवासी शेतकरी घरातली पोर. रविवारी चर्चला जाणारं घर. मी शहाद्याकडची, ब्राह्मणपुरीची. माझी अहिराणी तिला अर्धी कळे, तिची कोकणी मला मुळीच कळत नसे. शिक्षकांच्या चाळीत आम्हा दोघींना मिळून एक खोली होती. तिथं आम्ही शाळेतलीच मराठी बोलायचो, इस्त्री केलेली, दोघींनाही जरा घट्ट होणारी. पुढे ती भाषा अंगावर सैल झाली.

शाळेत मानवी सांगाडा नव्हता. शास्त्राच्या पुस्तकात सांध्यांची चित्रं होती, पण मुली ती पाठ करून विसरायच्या. ही त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार उघडून मिटून दाखवलं: हा बिजागरीचा सांधा, गुडघा असाच, पुढेमागे. मग मिरची कुटायच्या उखळीत मुसळ ठेवलं आणि चहूकडे फिरवलं: हा उखळीचा सांधा, खांदा आणि खुबा. "बिजागरीला दोनच दिशा. उखळीला सगळ्या. म्हणून देवानं नाचायला खुबा दिला." स्वयंपाकीणबाई मागून ओरडली, "मॅडम, मिरचीचं मुसळ आहे ते, डोळ्याला हात लावू नका कुणी!" तोवर दोन मुलींनी लावला होता.

तिचा सगळ्यात आवडता धडा उडीचा. व्हरांड्याच्या पायरीवरून मुलींनी खाली उडी मारायची, आणि आवाज येता कामा नये. "धप्प झालं म्हणजे हाड बोललं. आवाज आला नाही म्हणजे स्नायूंनी काम केलं. आधी चवडा, मग टाच, मग गुडघा, मग खुबा. वजन एकेकाच्या हातात देत खाली आणायचं, तान्हं बाळ देतात तसं." पंधरवड्यात आमच्या मुली मांजरासारख्या उतरायला लागल्या. एकदा मुख्याध्यापकांनाही हुक्की आली. चपला काढून त्यांनी पायरीवरून उडी मारली. पत्र्यावरचे कावळे उडाले. सगळी शाळा श्वास धरून उभी.

"सर," ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "तुमचं हाड फार मोठ्यानं बोललं."

सर आधी हसले, मग बाकीच्यांनी हसायचं धाडस केलं.

माझी आई एकदा आठवडाभर आमच्याकडे राहायला आली होती. तिचा डावा खुबा झिजलेला, डाव्याच हातात काठी. आल्या आल्या तिलाही व्हरांड्यात चालून दाखवावं लागलं. मग हिनं आईच्या हातातली काठी काढून घेतली आणि उजव्या हातात दिली. आई खवळली.

"मन्हा डावा पाय दुखी ऱ्हायना अन् तू काठी उजवा हातमा देस? मास्तरीन शेस का कोन शेस तू?"

"आई, फाटकापर्यंत जाऊन या. नाही बरं वाटलं तर त्याच काठीनं मला मारा."

आई फाटकापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. मग पायरीवर बसून मला म्हणाली, "हाई पोर हुशार शे."

संध्याकाळी हिनं मला ते समजावून सांगितलं. आपण चालतो तेव्हा दर पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. सगळं अंग दुसऱ्या बाजूला लोंबत असतं. ते पडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचा स्नायू ओढून धरतो. एकीकडून अंगाचं वजन, दुसरीकडून स्नायूची ओढ, आणि मधे सापडतो तो सांधा. म्हणून आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार तो झेलतो. काठी दुसऱ्या हातात असली की लोंबणारं अंग ती तोलते आणि स्नायूला कमी ओढावं लागतं. "बिचारा खुबा," ती म्हणाली, "जन्मभर दोघांच्या भांडणात मधे उभा."

मग तिचा स्वतःचा उजवा गुडघा दुखायला लागला.

आधी तिनं हसण्यावारी नेलं. तेल चोळलं, पट्टा बांधला. नवापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. "बघ, गुडघा चांगला आहे," असं म्हणून तिनं तो फोटो गादीखाली सरकवला. पण सकाळी खाटेवरून उठताना ती आता लोखंडी कठडा धरायची, आणि मी पाहतेय असं दिसलं की केस बांधायला लागायची.

एका दुपारी मी वर्गाच्या खिडकीत उभी होते. ती मैदान ओलांडून चालली होती, पाठमोरी. उजवा पाय टेकला की तिचं सगळं अंग उजवीकडे झुकत होतं, पुन्हा सरळ होत होतं, पुन्हा झुकत होतं. तिच्यासोबत राहून माझीही नजर आता लोकांच्या कमरेवर जायला लागली होती. ही सवय लागली नसती तर मला काही दिसलं नसतं.

खोलीवर आल्यावर मी म्हटलं, "जरा चालून दाखव."

ती उठली, पण चालली नाही. खाटेचा कठडा धरून भिंतीकडे तोंड केलं. "त्यापेक्षा असं कर. माझ्या मागे बस. मी उजव्या पायावर उभी राहते, डावा उचलते. माझी कंबर कुठं जाते ते सांग."

तिनं डावा पाय उचलला. कमरेची डावी बाजू हळूहळू खाली गेली, दोर सुटलेल्या पाळण्यासारखी.

"खाली गेली," मी म्हटलं.

"कोणती?"

"डावी."

ती खाटेवर बसली. मग म्हणाली, "गुडघा नाहीच मग. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं कधी कधी. शिकवलंय की मी हे." आणि जरा थांबून, बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत, "ताई, मला सिकल आहे."

सिकलसेल. आमच्या जिल्ह्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण तुमच्यासाठी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात; अंगात पाणी कमी पडलं, थंडी लागली की जास्तच. जन्मापासूनचा आजार, आईबापांकडून आलेला. तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. तिला कॉलेजात असताना कळलं. ती दिवसभर बाटली घेऊन पाणी प्यायची ते मला खेळाडूची सवय वाटायची. थंडीत दोन स्वेटर घालायची त्यावरून मी तिची थट्टा केलेली होती.

"शाळेत का नाही सांगितलंस?"

"सांगून? सिकलवालीला मैदानावर कोण उभं करेल?"

सुरतेला मोठा फोटो निघाला. मी सोबत होते. खुब्यात मांडीच्या हाडाचा जो गोळा बसतो, त्याच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. त्या तुंबल्या होत्या, गोळ्याला रक्त मिळत नव्हतं, आणि वरचा भाग चेपायला लागला होता. डॉक्टर भले होते. म्हणाले, आता धावणं बंद, उड्या बंद. सांधा बदलता येईल, पण तुमचा आजार बघता तयारी करून, उन्हाळ्याच्या सुट्टीत. तोवर वजन टाकू नका.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "उड्या मारल्यामुळे झालं का गं?"

"नाही. एकही मारली नसती तरी झालं असतं." खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. "हेच तर आहे ना ताई. चूक कुणाची असती तर चिडता तरी आलं असतं."

मुख्याध्यापकांनी तिला मैदानातल्या लिंबाखाली खुर्ची दिली. तिथून ती शिकवायची. डोळे मिटून पायरीवरच्या उड्या ऐकायची आणि कुणाचा गुडघा ताठ राहिला ते ओळखायची. मुली फार जपून उतरायला लागल्या. आपला आवाज झाला तर मॅडमला दुखेल असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते तिला कळलं तशी ती रागावली. "माझ्यासाठी नका उतरू! स्वतःच्या हाडासाठी उतरा!" पहिल्यांदाच मी तिला ओरडताना ऐकलं, आणि मग ओढणीनं तोंड पुसताना पाहिलं.

उन्हाळ्याची सुट्टी यायची होती. त्याआधी जानेवारीची थंडी आली.

एका सकाळी तिला खाटेवरून उठताच येईना. दोन्ही मांड्या, कंबर, पाठ, सगळीकडून कळा. ओठ चावून पांढरे पडलेले. रुग्णवाहिकेतून आम्ही तिला नंदुरबारला नेलं. सुया झाल्या, सलाईन लागलं, रक्ताची व्यवस्था सुरू झाली. परिचारिका धावपळ करत होत्या, त्यांच्याकडून काही राहिलं असं मला म्हणता येणार नाही. तरी कळ थांबेना. सगळ्यात जास्त उजव्या खुब्यात.

"ताई, पाय धर," ती म्हणाली. "एक हात गुडघ्याखाली. एक टाचेखाली. आता गुडघा वाकव. वर घे. थोडा बाहेर. अजून. पाऊल बाहेर वळव. थांब. इथे."

"इथे काय?"

"इथे सांध्यात सगळ्यात जास्त जागा असते."

मी उशा लावून पाहिल्या. रेक्झिनच्या गादीवर त्या सरकत आणि ती किंचाळे. म्हणून मी तो पाय हातांत धरून बसले. माणसाचा पाय किती जड असतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. चालताना तो कधी कळत नाही. दुपारपर्यंत माझे दंड थरथरायला लागले. ती डोळे मिटून म्हणाली, "कोपरं अंगाशी घे. लांब धरलंस तर भार वाढतो." त्या कळांतही ती मला शिकवत होती. मी कोपरं जवळ घेतली. तेवढंच मला करता येत होतं. जागा जराही हलली की तिच्या चेहऱ्यावर कळायचं, आणि मी पुन्हा ती जागा शोधायची.

तिची आई डोंगरातून जीप आणि बस बदलत आली. आम्ही आळीपाळीनं पाय धरू लागलो. मराठी तिला मोजकीच येई. पाय माझ्या हातातून घेताना ती फक्त "दे" म्हणायची.

मग ताप चढला आणि छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता फुप्फुसात गेलंय. प्राणवायूचा मुखवटा लावला. मी तिच्या मानेकडे पाहत होते. दर श्वासाला मानेचे स्नायू दोऱ्यांसारखे ताणले जात होते. श्वास घेणं हे मानेचं काम नव्हे. ज्यांचं काम आहे ते थकले की मान मदतीला येते. हे तिनंच मला कधीतरी धापा टाकणाऱ्या मुलीकडे बोट करून सांगितलं होतं. शिकलेलं विसरता आलं असतं तर मी त्या दिवशी विसरले असते. तिची आई देवाचं नाव घेत होती. तिला मानेचं काही ठाऊक नव्हतं, आणि ते बरंच होतं.

सुरतेला हलवायचं ठरलं. गाडी दारात लागेपर्यंत ती थांबली नाही.

तिच्या गावी गेले तेव्हा डोंगर वाळलेला होता, सागाची पानं पायांखाली चुरत होती. लोकांनी कोकणीत गाणी म्हटली, पाळकांनी प्रार्थना केली. मला त्यातलं काही कळलं नाही. मुख्याध्यापक सर बाजूला उभे राहून चष्मा पुसत होते. माती टाकायची वेळ आली तेव्हा मी वाकले, पण मूठ नीट मिटेना. बोटं, मनगटं, दंड, सगळं ठणकत होतं. माती वाटेतच सांडली.

नंतर घरी ओसरीवर सगळ्यांना चहा दिला. माझ्या हातातली कपबशी वाजायला लागली. तिच्या आईनं ते पाहिलं. उठून आली, कपबशी काढून बाजूला ठेवली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. आतून कुणीतरी तिला तेलाची वाटी आणून दिली. मनगटापासून कोपरापर्यंत ती अंगठ्यांनी दाबत वर गेली, पुन्हा खाली आली.

"दुखते?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ती दाबत राहिली.