रेघ काढ

तो शब्द माझाच होता, हे आधीच कबूल करते. पुण्याच्या साहेबांनी फोनवर दोनदा बजावलं होतं, ‘अ‍ॅड’, ‘डिलीट’ असंच ठेवा म्हणून. पण मी पडले हट्टी. म्हटलं, आपल्या भाषेला काय शब्दांचा दुष्काळ पडलाय?

काम होतं गावच्या नळयोजनेचं. टाक्या आणि व्हॉल्व म्हणजे टिंबं, पाइप म्हणजे रेघा, असा एक नकाशा कॉम्प्युटरवर केलेला. फोनवर बोललेलं ऐकून एआय एजंट तो नकाशा स्वतः दुरुस्त करायचा. त्यासाठी कोणतं टूल कधी वापरायचं, हे त्याला वाचायला लिहून ठेवणं ही माझी नोकरी. मी लिहिलं, ‘रेघ काढणे’. दुसऱ्या टूलपुढे लिहिलं, ‘रेघ काढून टाकणे’. खाली शहाणपणानं एक ओळ जोडली, ‘असलेली रेघ पुन्हा काढता येत नाही.’ आणि स्वतःवर खूश झाले.

खरा नकाशा होता चाचांच्या डोक्यात. चाचा म्हणजे आमचे व्हॉल्वमन, परळीच्या थर्मल वीजकेंद्रात उमेदीत फिटरकी केलेले. कुठल्या गल्लीखालून कुठला पाइप गेलाय, ते चपलेनं ठोकून सांगायचे.

त्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडून मी नेहमीसारखी एजंटची नोंदवही वाचत बसले. सकाळी चाचांनी फोनवर सांगितलं होतं, ‘मोठी टाकी ते दवाखाना रेघ काढ.’ नवा पाइप टाकला होता ना, म्हणून. त्यांना काय ठाऊक, ती रेघ मी आदल्या दिवशीच काढून ठेवलेली! एजंटनं बघितलं, रेघ तर आहे. असलेली पुन्हा काढता येत नाही. म्हणजे काढून टाक म्हणत असणार. टाकली काढून.

खालची नोंद दहा मिनिटांपूर्वीची होती. पंपावरच्या माणसानं विचारलेलं, ‘दवाखान्याच्या खड्ड्यात काम चालूय. मोठ्या टाकीचं पाणी तिकडं येतं का?’ उत्तर होतं, ‘नाही. दोन्हींच्या मध्ये रेघ नाही.’

खड्ड्यात चाचा होते.

हे उत्तर ऐकून त्यानं पाणी सोडलंच असणार. पंपावर फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मोटरच्या आवाजात त्याला कसला ऐकू येतोय! चाचांना लावला. त्यांचा फोन शर्टाच्या खिशात आणि शर्ट स्कूटरच्या हँडलला, हे माहीत असूनही लावला. मग डबा तसाच टाकून पळत सुटले. दवाखाना दोन गल्ल्यांवर, पण चौकात नेकनूरची बस आडवी, पुढे केळ्यांचा गाडा. ‘सरका की बाजूला!’ म्हणून मी अशी ओरडले की गाडेवाला दचकून मागे झाला. माझ्या हातानं माणूस मारला मी, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पुरुषभर खोल खड्डा. तळाशी चाचा उकिडवे बसलेले, पाइपाचं तोंड उघडं.

“चाचा, वर या!”

“कावून?”

“पाणी सोडलंय!”

“कोन सोडतंय बे? एक बोल्ट ऱ्हायलाय, थांब.”

“खड्ड्यात गेला तुमचा बोल्ट! वर या म्हणते ना!”

तेवढ्यात पाइपातून फुस्स आवाज आला. पाण्याआधी हवा येते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पाना टाकून त्यांनी लोखंडी पायरी धरली. मी त्यांचं मनगट धरलं. दुसरा पाय उचलायच्या आत खालून पाण्याचा लोंढा आला आणि खड्डा बघता बघता भरला. पाना काही नंतर सापडला नाही.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी सगळं सांगितलं आणि रडले. ते लुंगी पिळत म्हणाले, “मी काढ म्हनलो म्हंजे काढच म्हनलो ना? मंग त्यानं काढलीच की.” आणि हसले. मला हसू आलं नाही.

शब्द बदलायला त्यांनाच शेजारी बसवलं. जोडणे आणि तोडणे म्हटलं, तर तोंडात तंबाखू धरून त्यांनी दोन्ही म्हणून दाखवले. मला फरक कळेना. शेवटी आखणे आणि पुसणे ठरलं.

“बेटा,” ते म्हणाले, “टाकीला टिंब हाय, व्हॉल्वला हाय. मी खड्ड्यात हाय का वर हाय, हे कुठं लिवलंय?”

कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्याच दिवशी चाचांचं एक टिंब केलं आणि सूचनांची पहिली ओळ बदलली, ‘आधी माणूस कुठे आहे ते बघ. तो खाली असेल तर पाणी सोडायला कधीच हो म्हणू नकोस.’

आता ते उतरण्याआधी न चुकता मला फोन करतात, “बेटा, खाली आख.” पहिल्या दिवशी काम उरकून वर आले, तेव्हाही फोन आला.

“झालं बग. आता मला पूस.”

“पुसायचं नाव काढू नका!” मी भर ऑफिसात ओरडले. “वर आखते!”