शांत व्हायला सांगोल्याला गेले

अण्णांवर ओरडले आणि त्याच आठवड्यात सांगोल्याची एसटी धरली. अण्णा म्हणजे माझे वडील. हल्ली त्यांना जेवल्याचंही आठवत नाही. त्या दिवशी चौथ्यांदा "वाढतेस न्हवं?" म्हणाले आणि माझा आवाज इतका चढला की ते मागं सरून भिंतीला टेकले. मला माझीच लाज वाटली. सांगोल्याजवळच्या एका विहारात तीन दिवसांचं ध्यानशिबिर होतं. अण्णांजवळ राहायला भावाला घरी बोलावलं आणि मन शांत करूनच परतायचं ठरवलं. मी एकदा ठरवलं की ठरवलं!

सोलापूरहून मंगळवेढ्यामार्गे दोन-अडीच तास, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवरून रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. शिबिराला फी नाही, निघताना इच्छेप्रमाणे दान द्यायचं. सैल कपडे न्या. फोन दारातच काढून घेतात. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी अशी, की मौन पाळणं सर्वात अवघड गेलं ते पंगतीत. आजूबाजूला डाळिंबाच्या बागा आहेत.

पहिला दिवस गुडघ्यांनी खाल्ला. श्वास बघायचा, दुखलं तर दुखणं बघायचं. जे येतं ते जातं, सगळं अनित्य. मला मात्र डोळे मिटले की अण्णांचा चेहरा दिसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अचानक मन असं निवलं, की बागेतल्या पंपाची घरघरही गोड वाटली. जमलं की! दुपारी तोऱ्यात बसले, तर काहीच नाही. नुसती चिडचिड.

संध्याकाळी प्रश्न विचारायची मुभा असते. शिकवणाऱ्या ताई तिथल्याच, निवृत्त नर्स.

"ताई, सकाळची शांतता गेली कुठं?"

"गेली की. ती बी अनित्यच हाय. तुमी काय ती बांधून सोलापूरला न्यायला आलाय व्हय?"

अगदी तेवढ्यासाठीच आले होते. मला हसू फुटलं.

परतून महिना झाला. राग अजून येतो, पण आता येताना दिसतो आणि बहुतेकदा मी तोंड उघडायच्या आत निघून जातो. तेवढ्यासाठी खुशाल जा. घरी पोचले त्या दुपारी अण्णा खुर्चीत बसले होते.

"अण्णा, त्या दिवशी ओरडले तुमच्यावर. चुकलं माझं."

"कवा? तू कशाला वरडशील? तू तर लई शांत हायस."

त्यांच्या मनातून ते केव्हाच गेलं होतं, माझ्यापाशीच राहिलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारत राहिले, "कोन वरडलं गं तुला?"