बाबांची फिक्की मिरची

आमच्या शेगावकडच्या खेड्यात फिक्की मिरची कोणी लावत नसे. मिरची आहे आणि झोंबत नाही, तर ती खायची कशाला? माझे बाबा तर भाकरीवर ठेच्याचा गोळा घेऊन वर कच्चं तेल ओतणारे. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. त्यांच्या पोटात आग पडायला लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि बजावलं, पोटात जखम आहे, तिखट खाल तर जिवाला मुकाल.

बाबांनी तिखट सोडलं, आणि त्याच्यासोबत जेवणच सोडलं म्हणा ना! वरणभात पुढं आला की म्हणायचे, "हे जेवण हाय का दवाखाना?" दोन घास चिवडून उठायचे. महिन्याभरात गालफडं बसली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं शेगावच्या महाराजांपुढं हात जोडले आणि बोलून बसली, यांचं पोट बरं होईस्तोवर मीही मिरची तोंडाला लावणार नाही. बाबांना याचा पत्ता नव्हता. आमच्याकडं आधी पुरुष जेवत, मग बायका. आईच्या ताटात काय असतं ते त्यांना दिसणार कधी? आणि मलाही तिनं दटावलं होतं, "सांगू नोको बरं त्याहिले."

शेजारच्या मुसलमान मावशीनं, आमच्या खालानं, मग जाड, पोपटी, फिक्क्या मिरचीचं बी दिलं. आईनं परसात रोपं लावली. मिरच्या आल्या तसं तिनं लोणचं घातलं: मिरच्या पुसायच्या, चिरा द्यायच्या, मोहरीची डाळ, मीठ, हळद, हिंग भरायचं, वरून लिंबू पिळायचं आणि गार केलेलं तेल सोडायचं. बाबांनी पहिली मिरची खाल्ली आणि म्हणाले, "आंबट हाय, खारट हाय, मिरचीचं तेवढं नावच हाय." पण भाकर संपली! आई चुलीकडं तोंड करून हसली. त्या वर्षी बाबा हळूहळू माणसात आले.

पुढच्या वर्षी आईनं घरचंच बी धरलं. खाला म्हणाली होती, "लवंगी से दूर लगाना, बाई, नहीं तो बीज तीखा निकलेगा." पण दूर लावायची कुठं? न्हाणीचं पाणी जाई तेवढाच ओला तुकडा. त्यात तिखट लवंगी आणि फिक्की पहिल्यापासून खेटून उभ्या होत्या. नवी मिरची दिसायला अगदी तशीच, जाड नि पोपटी. बाबांचं पोट पुरतं बरं झालं नव्हतं म्हणून आई चाखणार नव्हती, मला चाखायचं सुचलं नाही. बरणी भरली.

आणि बाबा काय जेवायला लागले म्हणता! कपाळावर घाम, नाक लाल, तरी "अजून एक वाढ" चालूच. आई मला कोपरानं ढोसायची, "पाह्य, कसे जेवून राह्यले!" किती खूश होती बिचारी. पंधरवड्यात बाबा पोट धरून बाजेवर आडवे. आईनं वांग्याला दोष दिला, दृष्ट काढली. मला काय वाटलं कोण जाणे, मी बरणीतली एक मिरची तोंडात टाकली. अगं आई गं! कानातून धूर निघायचा बाकी राहिला.

मी सांगितलं तशी आई बाजेपाशी जाऊन उभी राहिली. "तुमाले समजलं नाई, तिखट हाय म्हून?"

"समजलं. पह्यल्याच दिवशी समजलं," बाबा भिंतीकडं पाहत म्हणाले. "पन लई दिसानं जेवल्यावानी वाटलं."

माझं डोकंच फिरलं. आईनं डोळे वटारले तरी मी थांबले नाही. "अन् तिनं तुमच्यापायी वर्षाच्या वर झालं मिरची तोंडाले लावली नाई! तुमाले मरायची एवढी घाई काऊन झाली?"

बापाला असं बोलल्यावर मार बसणार हे मी धरूनच चालले होते. पण बाबांनी भिंतीकडची मान वळवली. नुसते आईकडं पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरणभात शीत न् शीत संपवला. हात धुतला आणि पुन्हा पाटावर येऊन बसले. "तुझं ताट घे," ते आईला म्हणाले.

"हे काय नवीनच? तुमी उठा, मी जेवतो मंग."

"घे म्हनलं ना."

आईनं लाजत, डोक्यावरचा पदर ओढत भाकर घेतली. बाबा स्वतः उठले, फळीवरची बरणी काढली आणि एक मिरची तिच्या ताटात वाढली. आमच्या घरात बाबांनी कोणाला काही वाढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"अवो, माझं बोलनं हाय महाराजापाशी!"

"महाराजाले मी सांगतो. वरनभात मी खाईन, रोज खाईन. तू खाय."

आईनं एक तुकडा मोडून भाकरीसोबत तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "लईच तिखट झालं वो," ती म्हणाली.

"मले माहीत हाय," बाबा म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या त्यांनी तिच्याकडं सरकवला.