अक्कांचे ब्रेक

आमच्या नुंगंबाक्कमच्या केंद्रात शिवण शिकवणाऱ्या अक्का व्हीलचेअर वापरतात. न विचारता कुणी मागून खुर्चीला हात लावला, की त्या खटकन ब्रेक लावतात आणि "वेंडाम" म्हणतात. नको म्हणजे नको. मदतीला धावणं हा या शहराचा स्वभाव, आणि त्याचाच त्यांना संताप.

केंद्राच्या नव्या मिनीबसला रॅम्प बसवायचा की खुर्चीसकट वर उचलणारी लिफ्ट, यावर आम्ही धडधाकट माणसं कॉफी पीत रॅम्प ठरवून मोकळे झालो होतो. विक्रेत्याने नमुन्याची गाडी दारात आणली. अक्कांनी तो उभा चढ पाहिला.

"हा चढायचा कसा?"

"कुणीतरी ढकलेल की, मॅडम."

"आणि कुणी नसलं तर?"

"असतंच कुणीतरी."

अक्कांनी पुढची चाकं रॅम्पवर घेतली आणि ब्रेक लावले. आता रॅम्प मिटेना, गाडी हलेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला.

शेवटी मी छत्री घेऊन गेलो. "अक्का, ऊन फार आहे. किती वेळ बसणार?"

"लिफ्ट कबूल होईपर्यंत," त्या आपल्या तंजावरी हेलात म्हणाल्या. "घाई तुम्हाला आहे. मला बसायची सवय आहे."