कहा-सुना

“माफी म्हणजे काय दर्ग्यातली शिरणी हाय, आला त्याच्या हातावर ठेवली?” असं म्हणत आपा भुवयांवरचा कापूस झटकायची. पांढरकवड्यात तुम्ही कधी गादी भरून घेतली असेल, तर हे ऐकलंच असेल.

आमच्या भिंतीला लागूनच तिचं दुकान. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ही कापूस पिंजायचं मशीन सुरू करायची. माझ्या घरातली भांडी थरथरायची. मी ओरडले तर म्हणे, “वयनी, काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं!”

लहानपणीच तिची आई गेली. चाळिसाव्या दिवसाचं कार्य झालं अन् बापानं तिला इथं आजीकडे आणलं. पोर मोरीत पाय धूत होती, तेवढ्यात तो एक शब्द न बोलता निघून गेला. चंद्रपूरला दुसरा संसार मांडला.

अन् एक दिवस तोच बाप, म्हातारा होऊन, दुकानात उभा! हजला निघाला होता. निघण्याआधी सगळ्यांना ‘कहा-सुना माफ’ म्हणायचं, म्हणजे बोलल्या-ऐकल्याची माफी मागायची, अन् समोरच्यानं ‘माफ’ म्हणून मोकळं व्हायचं, अशी रीत.

“कहा-सुना माफ कर, बेटी.”

आपानं मशीन बंद केलं. “कहा क्या? सुना क्या? तुम तो कुछ बोलेच नै थे, अब्बा.”

मी ओट्यावरून म्हटलं, “म्हणून टाक ना बाई. देवाच्या घरी चालला तो.”

“तुमी चूप बसा, वयनी! पयले त्यायले बोलू द्या. मंग मी ऐकीन. मंग पाहू.”

म्हातारा कापसाच्या ढिगावर बसला. मग म्हणाला, “तेरी शकल तेरी माँ की थी. देखी नै जाती थी.”

“और मैं तुम्हारी राह देखती दरवाजे में बैठी रहती थी, वो?”

“वो भी मालूम था.”

आपा रडली नाही बरं. “हां. अब कहा भी हुआ, सुना भी हुआ. माफ. हज के वास्ते नै, मेरे वास्ते.” अन् एक छोटी उशी त्याच्या काखेत कोंबली. प्रवासात मान दुखते ना.

गेल्या हिवाळ्यात आपा अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले तर म्हणाली, “वयनी, मशीनचा लई राग होता ना तुमाले? बोला ना.”

“होता.”

“हां, आता कसं!” हसली. दोन दिवसांत गेली.

आता दुकान बंद. भांडी जागची हलत नाहीत. ही शांतता मी माफ करणार नाही, सांगून ठेवते. भिंतीवर थाप मारते अन् म्हणते, पयले तू बोल.