कॅलेंडरवरची माझी पाळी

काकूनं कॅलेंडर भिंतीवरून ओढून काढलं. खिळाही सोबत आला. ते घेऊन ती मागच्या अंगणात आली, तिथं मी उभी होते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घरात बाया जमलेल्या. मी पहाटेपासून ओलेत्यानं स्वयंपाकात. सोळा भाज्या झाल्या होत्या, आंबील झाली होती, मी पुरण वाटत होते. तेवढ्यात मागून कोणी तरी बोललं, हिची साडी पाहा. मला वाटलं हळद लागली असेल.

"हे बघ," काकू म्हणाली. कॅलेंडर माझ्या तोंडासमोर धरलं. "बारा ते पंधरा तू शेडमध्ये बसली होती. लाल गोल मी माझ्या हातानं केला. आज तेवीस. मग हे काय होय?"

मी पदर मागं ओढून साडीवरचा लाल डाग झाकला.

"पोट पाडून आली काय कुठून?"

दारात उभ्या बायांपैकी एक हसली. दुसरी म्हणाली, "ढिवराच्या पोरीचा काय भरवसा, बाई. तोंडावर मिशी फुटली, पोटात काय फुटलं कोणाले मालूम."

मग काकूनं पुरणाचं पातेलं मला माझ्याच हातानं मोरीत ओतायला लावलं. गरम होतं. सगळ्या बाया पाहत होत्या. मी ओतलं.

मी का बोलले नाही ते सांगते. मी खोटी होते. पोट पाडलं नव्हतं, पोट राहायला कोणी माणूसच नव्हता. पण बारा तारखेला मला पाळी आलीच नव्हती. त्याच्या आधीच्या महिन्यातही नव्हती. दहा महिने नव्हती. त्यातले शेवटचे सात महिने मी दर बारा तारखेला शेडमध्ये जाऊन बसत होते, न आलेल्या पाळीसाठी.

माझं गाव सिहोऱ्याच्या पुढे, तलावाच्या काठावर. आम्ही ढिवर, बाप मासे धरतो, आई शिंगाडे उकडून विकते. आठवीनंतर शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी साकोलीला स्वयंपाकाला आले, मालकीणबाईला काकू म्हणायला लागले. तुमसरला बस बदला, भंडाऱ्याला बदला, मग साकोली. एवढ्या दूर मी आधी कधी गेले नव्हते. घर व्यापाऱ्याचं, हायवेवर मोठं दुकान. ढिवराच्या हातचं पाणी चालतं, म्हणून मला ठेवलं. मासे मात्र चालत नव्हते. घरात नाही, माझ्या पोटातही नाही.

काकू वाईट होती असं मी म्हणत नाही. तिनं मला पुरण शिकवलं, स्वेटर दिलं, ताप आला तर काढा दिला. रोज रात्री मी तिचे उपकार आठवून झोपत होते. भीतीही वाटत होती. उपकार करणाऱ्याच्या घरात पाय जपून टाकावा लागतो.

पाळी आली की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं, चार दिवस. ताट उंबऱ्यावर ठेवत, मी उचलायचं. नळाला हात नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात. आमच्या गावीही दूर बसतात, म्हणून मला नवल वाटलं नाही. नवल कॅलेंडरचं वाटलं. गॅसच्या वर खिळ्याला टांगलेलं. त्यावर माझ्या चार दिवसांचे लाल गोल. घरात तीन बाया, मी, काकू आणि काकूची मुलगी. गोल फक्त माझे.

मग पाळी चुकली. एक महिना. दोन. काकू कॅलेंडरजवळ उभी राहून माझ्याकडे पाहायची. तिसऱ्या महिन्यात मेडिकलमधून एक पट्टी आणली, मला बाथरूममध्ये पाठवलं आणि दार उघडं ठेवायला सांगितलं. पट्टीवर एकच रेघ आली. मला वाटलं सुटले.

"मंग तर अजूनच वाईट," ती म्हणाली. "म्हणजे येऊन राहिली अन् तू लपवून राहिली. माझा देव बाटवला तू."

येत नाही हे तिला पटेना. गावी फोन केला. आई म्हणाली, "बाई, कोणाले सांगजो नोको. लगन व्हायचं आहे तुझं." एवढंच.

मग पुढच्या बारा तारखेला मी पदर खोचला आणि म्हणाले, काकू, दूर आहे. काकू खूश. गोल झाला. मला कळलं की जी बसत नाही तिची तपासणी होते. जी बसते तिला कोणी विचारत नाही.

असे सात महिने. त्या सात महिन्यांत माझं अंग बदललं. खात होते तेवढंच, पण ब्लाउज दंडात रुतायला लागले. हनुवटीवर केस आले, काळे, जाड. गालावर पुरळ. आणि मान काळी पडली. मागून, चामडं जाड झाल्यासारखं.

काकू म्हणाली, "मान घासत नाही काय? माझ्या पोळ्या त्याच हातानं लाटते."

मी घासली. नारळाच्या शेंडीनं घासली, राखेनं घासली. रक्त आलं, काळेपणा गेला नाही. मला वाटलं काकू खरं बोलते, मी मुळातच घाण आहे. मी आरशात पाहणं सोडलं.

ताईचं जेवण तर माझी पाळी चुकायच्या आधीच वेगळं झालं होतं. ताई म्हणजे काकूची मुलगी, माझ्याच वयाची. नागपूरला कुठल्या मोठ्या डॉक्टरला दाखवून आली. फ्रिजवर एक कागद चिकटला. वर इंग्रजीत चार अक्षरं, त्यांचा अर्थ मला कळत नव्हता. खाली मराठीत यादी. ज्वारीची भाकर, मोड आलेले मूग, भात एक वाटी, साखर बंद, पालेभाजी रोज, अर्धा तास चालणे. मी काकूला विचारलं, ताईला काय झालं? काकू म्हणाली, काही नाही, हार्मोन आहे, थकते पोरगी. त्यापुढे आवाज खाली.

दीड वर्ष मी तो कागद रांधला. ताईची भाकर मी थापली, ताईचे मूग मी भिजवले, ताई सकाळी चालून आली की तिच्या बुटांची माती मी पुसली. आणि दुपारी उरलेला भात, उरलेला शिरा, चहात तीन चमचे साखर, ते मी खाल्लं. टाकून द्यायचं पाप नको म्हणून.

महालक्ष्म्यांच्या दिवशी जे सुरू झालं ते आठ दिवस थांबलं नाही. दहा महिन्यांचं एकदम आल्यासारखं. नवव्या दिवशी मी शेडमध्ये उठायला गेले आणि पडले. काकूनं मला आपल्या गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. त्याची मी आभारी आहे. पण मागच्या सीटवर जुनी सतरंजी टाकली होती, आणि तिच्या पर्समध्ये कॅलेंडर होतं. मला बरं करायला नेत होती की पकडायला, मला अजून नक्की सांगता येत नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला विचारलं, याआधीची पाळी कधी? काकूनं कॅलेंडर उघडलं आणि वाचलं. बारा सप्टेंबर. बारा ऑगस्ट. बारा जुलै. मी मान हलवली. डॉक्टरबाई लिहीत गेल्या.

मग त्या काकूला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

काकू म्हणाली, मी आईसारखीच आहे तिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आई असती तरी बाहेरच बसवलं असतं.

दार लागलं. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला. आणि मी पुन्हा तेच सांगितलं. बारा सप्टेंबर. मला वाटलं ही पण यांच्यातलीच. गोड बोलून काढून घेईल आणि बाहेर जाऊन सांगेल. मोठ्या माणसांची मोठ्या माणसांत ओळख असते.

त्या उठल्या, माझ्या मागे आल्या. पदर बाजूला केला. मानेवर खपल्या होत्या.

"हे काय केलंस?"

मी म्हणाले, "मळ निघत नाही."

त्यांनी त्या काळ्या चामड्यावर बोट ठेवलं. हातमोजा नव्हता. "हा मळ नाही. हे घासून जात नाही. आतलं बिघडलं की अशी मान होते. उद्यापासून घासू नको."

मी रडले नाही. मला आधी राग आला. कोणावर ते कळेना. मग मी सगळं सांगितलं. दहा महिने, शेड, पट्टी, खोटी बारा तारीख. त्यांनी लिहिलेल्या तारखा एका रेघेनं कापल्या. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस, नाही तर मी चुकीचं औषध दिलं असतं.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. थायरॉइड नव्हतं, पोट राहिलेलं नव्हतं. त्यांनी कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली. मी पाहत राहिले. हीच अक्षरं फ्रिजवर होती.

"याला पीसीओएस म्हणतात," त्या म्हणाल्या. "बीज दर महिन्याला सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. पुरुषांत जास्त असतं ते हार्मोन थोडं वाढतं, म्हणून हनुवटीवर केस. तुझी चूक नाही. लई बायांना असतं."

मी विचारलं, "पोर होते काय?"

"बहुतेक जणींना होतं. काहींना औषधाची मदत लागते. पण आत्ता तू पोराचं नको, तुझं पाहा."

त्यांनी रक्त वाढायची गोळी दिली आणि पाळी नेमानं यायची गोळी दिली. पाळीच्या गोळीचं पाकीट मी ओळखलं. गावी नर्सबाई मूल होऊ नये म्हणून अशीच वाटते. माझं मन फिरलं. मी म्हणाले, "ही तर पोर बंद करायची गोळी होय." त्या रागावल्या नाहीत. घेत असताना मूल राहत नाही, सोडली की राहू शकतं, इथं पाळी ताब्यात ठेवायला देते, असं दोन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा मी विचारलं तरी सांगितलं. बीपी मोजलं. पाय सुजला, छातीत दुखलं, तर लगेच ये म्हणाल्या. आजार पुसला जात नाही, सांभाळावा लागतो, साखर वर्षाला तपासायची, असंही. त्यांनी काही लपवलं नाही, म्हणून अर्धा विश्वास बसला. अर्धा अजून राखून ठेवला आहे.

मग जेवणाचं सांगितलं. भाकर, मूग, भात कमी, पालेभाजी. पुढचं मीच म्हणून दाखवलं. साखर बंद, अर्धा तास चालणे. त्या हसल्या, तुला कसं माहीत? मी म्हणाले, मीच रांधते.

"मासे खातेस ना?"

"तिथं नाही चालत."

"खात जा. चांगले."

आणि एक वही घे, म्हणाल्या. पाळी कधी आली, किती दिवस, तू लिही. तीन महिने आली नाही तर माझ्याकडे ये.

घरी आले तेव्हा ताई दारात होती. माझ्या हातातला कागद तिनं घेतला, वाचला. तिच्या गळ्याभोवती ओढणी होती. उन्हाळ्यातही असायची. मी पहिल्यांदा त्या ओढणीकडे नीट पाहिलं.

"तुलाही?" ती म्हणाली.

मग कागद परत दिला आणि खोलीचं दार लावून घेतलं. माझ्या मानेला काकू बोलायची तेव्हा ताई तिथंच जेवत असायची. तिला माहीत होतं काय? मला वाटतं, होतं.

काकूनं रात्री मला बसवलं. ताईचं नाव बाहेर काढायचं नाही, तिचं लग्न जमून राहिलं आहे, हे आधी. मग गोळीचं पाकीट उलटसुलट पाहिलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला.

"म्हणजे आता तारखेवर येईल तुझी. बरं झालं. आता शेडचं नेमानं होईल."

कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लागलं होतं.

मी गोळ्या सुरू केल्या. पहिलं पाकीट संपलं आणि खरी पाळी आली. सकाळी मी न्हाले, केस विंचरले, आरशात पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काकू उभी होती.

मी म्हणाले, "काकू, आज आली. खरी आली. मी शेडमध्ये जात नाही. भाकर टाकून राहिली."

"अन् देव?"

"दीड वर्ष ताईची तारीख देवानं विचारली नाही. माझी काहून विचारंल?"

तिचा हात उचलला गेला, पण खाली आला. ती म्हणाली, "एवढं केलं तुझ्यासाठी." ते खरं होतं. मी म्हणाले, "केलं. मी विसरणार नाही. पण शेडमध्ये जात नाही."

"मंग निघ."

मी निघाले. पिशवीत दोन साड्या, गोळ्या, कागद, वही. स्वेटर घेतलं, ते तिनं दिलं होतं तरी घेतलं. गावी गेले नाही. गावी शेड नाही, पण आईचं "सांगजो नोको" आहे. साकोलीतच एका मेसमध्ये पोळ्या करते. तिथली बाईही पहिल्या दिवशी माझ्या हनुवटीकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले, तिनं नजर वळवली. शनिवारी मी बाजारातून मासे आणते.

मान अजून काळी आहे. कमी होईल, वेळ लागेल, म्हणाल्या डॉक्टरबाई. मी घासत नाही. झाकतही नाही.

वहीत मी तारीख लिहिते. आली तर आली, नाही आली तर नाही. तिथं मी खोटं लिहीत नाही. ती वही औषध देणाऱ्या बाईला दाखवीन. दुसऱ्या कोणी विचारलं, तर आधी तिनं आपली तारीख सांगावी.