मोठ्यांचं पिक्चर

तीर्थपुरीत फिरती टॉकीज उतरली की बायका पोस्टरापाशी थांबत नसत, थेट मैमूनाबीला गाठत. तंबूत बायकांच्या बाजूचं दार तिच्याकडे होतं. पहिल्या दिवशीचा खेळ ती स्वतः पुरा बघायची आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर, बायका घागरी भरायला जमल्या की, निकाल द्यायची. "सासू-सुना मिळून बघा." "सासऱ्यासंगं येऊ नका, एक गाणं वंगाळ हाय." "रडायचंय, जुनं लुगडं नेसा." घरोघरी तिच्या शब्दावर पिक्चर ठरायचं.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात एक हसण्याचं पिक्चर आलं. पोस्टरच्या कोपऱ्यात गोलात 'ए' होता. टॉकीजचे मालक बद्रीनाथशेठ म्हणाले, "मैमूनाबी, हे फक्त मोठ्यांचं. बारकं माणूस आत सापडलं तर तंबू उठंल, आन् तुमचं दार बी."

मैमूनाबीनं पिक्चर बघितलं. म्हातारपणी दुसरं लग्न करून बसलेला बाप आणि त्याला तोंड दाखवायला लाजणारी दोन पोरं. तिनं पाण्यावर सांगितलं, "हसून हसून पोट दुखतं. शेवटी जरासं रडू येतं. मधी नवरा-बायकोचं चावट बोलणं हाय. मोठ्यांनीच यावं."

मोठं कोण, हे कोणी विचारलं नाही. गळ्यात काळी पोत असली की बाई मोठी, हे गावाला ठाऊक होतं. मैमूनाबीचा निकाह तेराव्या वर्षी झाला होता. त्यानंतर तिला कोणी लहान म्हटलं नव्हतं.

दिवेलागणीला दारात गर्दी झाली. शाळेतल्या प्रभावतीबाई आत शिरू लागल्या तसा मैमूनाबीनं हात आडवा घातला. बाई पंचविशीच्या, भीमनगरात आईसोबत राहणाऱ्या, बिनलग्नाच्या.

"मास्तरीणबाई, हे मोठ्यांचं हाय. तुम्हाला न्हाई जमायचं."

"मी लहान आहे?"

"लगीन कुठं झालंय तुमचं? ते बोलणं तुम्ही ऐकलंत तर तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मागच्या बायका खुदकन हसल्या. प्रभावतीबाई जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात साळूबाई नव्या सुनेला पुढं ढकलत आली. मैमूनाबी दोघींना वाट देणार, तोच सून थबकली आणि सवयीनं हात जोडून म्हणाली, "नमस्ते बाई."

"नंदा? तू?" प्रभावतीबाई मैमूनाबीकडे वळल्या. "गेल्या साली ही माझ्या वर्गात होती, सातवीला. हिला पंधरावं सरलं नाही. पोस्टरवरच्या त्या अक्षराला अठरा पुरी लागतात. पोत लागत नाही."

साळूबाई उसळली. "घरच्या भाकरी हीच थापून राह्यली, पाणी हीच भरती, आन् पिक्चर बघायला ल्हान?"

मैमूनाबीनं मनात हिशोब केला. पोरीला परत पाठवली तर साळूबाई आणखी चार घरच्या बायका फोडून परत नेणार. आत सोडली आणि कोणी तपासायला आलं तर दार जाणार. तिनं पहिल्यांदाच पोतीच्या वर, नंदाच्या तोंडाकडं बघितलं. मिसरूड न फुटलेली जी पोरं मर्दांच्या दारातून हाकलत होते, त्यांच्यासारखंच ते तोंड होतं.

"साळूबाई, भाकरीचं तुमच्या घरात बघा. ह्या दारात ही ल्हान हाय. मास्तरीणबाई, जा तुम्ही आत. चुकलंच माझं."

"मंग मी बी न्हाई बघत!"

"तुमची मर्जी. ते म्हातारं लपून नवरीला गजरा आणतं, ते मातर बघायसारखं होतं."

साळूबाई दोन पावलं गेली आणि थांबली. शेजारची कांताबाई नंदाला घरापर्यंत सोडायला तयार झाली. "सरळ घरी जा. दळण निवडून ठेव," असं बजावून साळूबाई आत गेली आणि पुढची जागा धरून बसली.

नंदा रडेल असं मैमूनाबीला वाटलं होतं. पोरीनं तंबूकडं एकदा मागं वळून बघितलं, सासू आत असल्याची खात्री केली आणि पदर खोचून कांताबाईच्या पुढं जवळजवळ पळतच निघाली. दळण कोणी निवडलं नाही. शेजारच्या अंगणात नंदा बरोबरीच्या पोरींसोबत पिक्चर संपेस्तोवर फुगड्या घालत होती, असं दुसऱ्या दिवशी कांताबाईनंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात नवं पिक्चर लागलं. मैमूनाबी पाण्यावर आली तर तीन कवळ्या सुना तिची वाट बघत उभ्या होत्या.

"मैमूनाबी," एकीनं हळूच विचारलं, "हे बी मोठ्यांचंच हाय ना?"